वहिनीचा जोड

माझी वहिनी वेल्डर आहे. हे मी ओळखपाळख नसलेल्यांनाही सांगते, अगदी बसथांब्यावरसुद्धा. नणंद असून वहिनीचं कौतुक करते म्हटल्यावर लोक संशयानं बघतात. बघू देत, माझं काय जातंय!

बावीस वर्षं तिनं शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवल्या. फक्त कॉलरी. बाह्या दुसरी जोडायची, काजं तिसरी करायची. एक दिवस कारखान्याला कुलूप लागलं आणि सेहेचाळिसाव्या वर्षी वहिनी घरी बसली. पंधरा दिवसांत तिनं घरातले सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले. सोळाव्या दिवशी जेवताना म्हणाली, "मी संध्याकाळच्या तंत्रशाळेत नाव घातलंय. वेल्डिंगला."

दादाचा घास हातातच राहिला. मी मात्र तोंडाला येईल ते बोलले. "अगं, शिवणाचा वर्ग काढ, केस कापायला शीक! या वयात ठिणग्यांशी खेळायचे डोहाळे कसले?"

"इतकी वर्षं कापड जोडलं," ती भाजी वाढत म्हणाली, "आता लोखंड जोडते."

वर्गात सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी तिचा रॉड पत्र्याला असा चिकटला की सुटता सुटेना. पोरं हसली. ही रोज घरी यायची ती मनगटावर भाजल्याचे ठिपके घेऊन, आणि मी मलम लावता लावता बडबडायची. पण हात बसला तिचा. शिलाई संपताना दोन टाके मागे घ्यायची सवय तर फारच उपयोगी पडली. जोड संपतो तिथे खड्डा राहिला की नंतर तडा जातो म्हणे. ही तिथून जराशी मागे यायची आणि खड्डा भरून टाकायची. सर पोरांना म्हणायचे, "मावशींचा शेवट बघा, मग हसा."

टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फोरमननं तिचं काम पाहिलं. म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो. प्रमाणपत्र घेऊन या. त्याशिवाय मालक घेणार नाहीत."

परीक्षेत ती नापास झाली.

झालं असं की जोड उत्तम आला, वेळही उरला. मग कॉलरवालीला राहवेना! बावीस वर्षं धागे कापून, इस्त्री फिरवूनच माल पुढे द्यायची सवय. तिनं ग्राइंडर उचलला आणि जोड घासून असा गुळगुळीत केला की बोट फिरवावं. परीक्षकांनी तुकडा हातात घेतला आणि बाजूला ठेवला. "बाई, जोड जसा पडला तसाच बघायचा असतो आम्हाला. घासलात, म्हणजे काय झाकलंत ते मला कसं कळणार?"

"झाकलं काहीच नाही हो, नीट केलं," ही म्हणाली. पण नियम तो नियम.

घरी येऊन ती ढसाढसा रडली. मला इतका राग आला, परीक्षकाचा, त्या ग्राइंडरचा आणि खरं सांगायचं तर माझाच. हिला हसणाऱ्यांत पहिली मीच होते की! फेरपरीक्षा एकोणतीस तारखेला होती. ती हुकली की जागा गेली. त्या दिवशी मी कामाला दांडी मारली आणि तंत्रशाळेच्या जाळीच्या दाराबाहेर उभी राहिले.

वहिनीनं जोड घातला. वरची खपली ठोकून काढली, तारेचा ब्रश फिरवला. आता तो खडबडीत, लाटालाटांचा जोड उघडा पडला होता. तिचा हात ग्राइंडरकडे गेला. माझा जीव टांगणीला! ओरडले असते तर दारातूनही हाकललं असतं मला. तिनं हात मागे घेतला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तशीच उभी राहिली.

परीक्षकांनी भिंग लावून बघितलं. मग तुकड्याची पट्टी कापून वाकवायच्या यंत्रात घातली; जोड कच्चा असला की तिथेच तडकतो म्हणे. पट्टी वाकत वाकत पार दुमडली. त्यांनी बाहेरच्या बाजूवर नख फिरवलं. तडा नाही. कुठेच नाही! मी आत घुसले. घुसायचं नसतं, माहीत आहे. घुसले.

आता तिला नोकरीत वर्ष होत आलंय. परवा तिनं मला कारखान्यात नेलं. घराएवढी पाण्याची टाकी उभी होती, एका दवाखान्याच्या गच्चीवर जायची होती. जोडाशेजारी लोखंडात ठोकलेला आकडा तिनं दाखवला. सतरा.

"हा माझा नंबर. ज्यानं जोडलं त्यानं आपला नंबर ठोकायचा. टाकी गळली तर कुणाला धरायचं ते कळायला हवं ना."

"मग तुला धरतील?"

"मलाच!" वहिनी इतकी खूश होऊन म्हणाली की मला हसू आवरेना. मग म्हणाली, "बावीस वर्षांत किती कॉलरी शिवल्या असतील गं? त्यातली एकतरी माझी म्हणून मला ओळखता येईल का?"

मी त्या आकड्यावरून बोट फिरवलं. चांगला खोल ठोकलाय तिनं.