पडलेल्या घराचे पैसे

आमच्याकडे भासऱ्याशी बोलत नाहीत. नवऱ्याचा थोरला भाऊ समोर आला की डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. माझे बाबा काकूचे भासरे. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. काय सांगायचं ते आईमार्फत. दोन्ही घरं एकाच अंगणात, त्यामुळे आईला दिवसभर निरोप पोचवायचं काम असायचं.

त्या पावसाळ्यात समुद्रपूरच्या बाजारात वांगी विकून परत येताना काका नाल्याच्या पुलावरून वाहून गेले. त्याच पाण्यानं काकूच्या घराच्या मातीच्या भिंती बसल्या. काकांची सायकल सापडली, रिकामी टोपली सापडली, काका सापडले नाहीत. सरकारी कागदावर ते बेपत्ता होते, म्हणून त्यांच्या नावानं काही मदत नव्हती. पडलेल्या घराचे पैसे मात्र काकूच्या खात्यात आले.

पैसे आले आणि सगळं गाव शहाणं झालं. पानठेल्यावर कुणी म्हणे छपराला टिना घ्या, कुणी म्हणे बँकेत टाका, पोरंबाळं नाहीत तर एकटीला घर कशाला, असंही एक जण म्हणाला. जाणती मंडळी सांगू लागली, आधी काकांचा पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, तेरवी करा, गाव जेवू घाला, म्हणजे जीव मोकळा होईल. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. बाकीचे शेकून घेतात, हे मी तेव्हा पाहिलं. मला त्या सगळ्यांचा संताप आला होता आणि अजून पुरता गेलेला नाही.

पुतळ्याचं बाबांनाही पटलं होतं. बाबा वाईट नव्हते. नाल्याच्या काठाकाठानं चालून त्यांच्या पायांची सालं निघाली होती. त्यांना हे सगळं एकदाचं संपायला हवं होतं. पण पुतळा जाळला की काकूचं कुंकू पुसायचं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं.

एका संध्याकाळी बाबा बाजेवर बसले, काकू आमच्याच दाराआड, आणि आई मध्ये.

"तिले सांग, पैसा घराचा हाय, घरालेच लागला पाह्यजे," बाबा आईकडे पाहत म्हणाले.

"त्यायले म्हणा, मी गाडी करून शोधाले जातो," काकू आतून म्हणाली.

दोघांमध्ये चार हातांचं अंतर. दोघांनाही सगळं ऐकू येत होतं, तरी आई प्रत्येक वाक्य इकडून तिकडे पोचवत राहिली. मग मध्येच थांबली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. बाबा उठून गोठ्याकडे गेले.

काकूनं गाडी केली. सोबत मी होते. नाला ज्या नदीला मिळतो तिच्या काठच्या गावांमध्ये थांबायचं, माझ्या मोबाईलमधला काकांचा फोटो दाखवायचा, लोक मान हलवायचे, चहा पाजायचे, आम्ही पुढे निघायचो. असे कितीतरी दिवस गेले. एका गावी प्रेत सापडल्याचं कळलं म्हणून सरकारी दवाखान्यात गेलो. ते कुणीतरी म्हातारे होते. काकूनं पाहिलं, त्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि गाडीत येऊन बसली.

"यायचीई बायको कुठी शोधत असन," ती म्हणाली. त्यानंतर तिनं गाडी केली नाही.

घराचे पैसे डिझेलमध्ये घातले, ही बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. लोकांनी काकूला तोंडावर काही म्हटलं नाही, पण ती पानठेल्यावरून जाताना बोलणी थांबायची.

दिवाळी झाल्यावर उरल्यासुरल्या पैशात एक खोली बांधायचं ठरलं. मिस्त्री आला. पडक्या घराची सागाची चौकट अजून शाबूत होती, तीच बसवू, तेवढाच खर्च वाचेल, असं बाबा म्हणाले आणि ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. चौकट बुटकी होती. आम्ही सगळे तिच्यातून वाकून जायचो. काका आमच्या घरात सगळ्यांत उंच. ते कधी वाकायचे नाहीत आणि रोज कपाळ आपटून घ्यायचे. वरच्या लाकडावर त्यांच्या केसांच्या तेलाचा डाग पडला होता.

मिस्त्रीनं चौकट उभी केली तशी काकू बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण ती बाजूला झाली नाही. बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. आई निरोप घ्यायला लगबगीनं पुढे झाली, तर काकूनं तिच्याकडे पाहिलंच नाही.

"हे नका लावू," ती बाबांना म्हणाली. "तुमच्या भावाचं डोकं लागते."

मिस्त्री खाली मान घालून थापी पुसत बसला. दुसऱ्या दिवशी बाबा बैलगाडी घेऊन गेले आणि स्वतःच्या पैशानं नवी, उंच चौकट घेऊन आले.

पुतळ्याचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही. काकू त्या खोलीत राहते, कुंकू लावते, बाबांशी बोलत नाही. ती शेतात गेली की कधी धान्याचं पोतं ठेवायला बाबा तिकडे जातात. त्या दारातून उंटही ताठ मानेनं जाईल, पण बाबा अजून वाकूनच आत शिरतात. मला ते पाहवत नाही.