साखरेच्या पोत्यांची बस

"गाडी लाव, पण वीट लावू नगंस," गेणबाने बजावलं होतं. "चाकावरचं चालंल. वीट लागली की उद्या तुजं पोरगं सातबारा मागाय यील."

गेणबा म्हणजे सावळारामचा थोरला चुलतभाऊ. कन्हेरीच्या शिवारात त्याच्या उसाच्या कडेला एक पडीक तुकडा होता. एक बाभूळ आणि बाकी सगळे दगड. त्या बाभळीखाली सावळारामने आपली बस आणून उभी केली, तीसुद्धा ट्रॅक्टरला बांधून, कारण तिला आता इंजिनच उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं हीच बस त्याने वालचंदनगरच्या बाजूच्या एका शाळेसाठी चालवली होती. निरोपाच्या कार्यक्रमात हेडमास्तरांनी शाल पुढे केली, तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, "शाल ऱ्हाऊ द्या सर, ती मोडीत काढलेली गाडी द्या." सगळी सभा खो खो हसली. हसायला काय जातंय! त्याला शाळेची खोली महिन्याभरात खाली करायची होती, आणि अंथरुणाला खिळलेली बायको कुठे न्यायची हे हसणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही.

बायकोचं नाव जयवंता. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर वाळत घातलेले गहू खाली आणताना जिन्यात पाय घसरला आणि मानेचा मणका गेला. मानेखालचं अंग तेव्हापासून तिचं नव्हतंच. हात हलत नाही, पाय हलत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही. तोंड तेवढं शाबूत राहिलं आणि ते पहिल्यासारखंच तिखट होतं. फक्त आवाज बारीक झाला होता, कारण छातीत जोर उरला नव्हता.

बारामतीच्या डॉक्टरांनी सावळारामला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना आता घाम येणार नाही. तुमचं-आमचं अंग ऊन-थंडी आपली आपण सांभाळतं, यांचं सांभाळणार नाही. बाहेर तापेल तसं अंग तापेल, बाहेर गार होईल तसं गार पडेल. जपा त्यांना."

जपा! म्हणायला सोपं आहे. पत्र्याच्या डब्यात माणूस जपायचा कसा, ते काही डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं नाही.

मुलगा रविराज पुण्यात असतो. दोन खोल्या, चौथा मजला, लिफ्ट नाही. त्याने पुण्याबाहेरची एक संस्था बघून ठेवली होती. मोठा हॉल, एसी, दिवसरात्र नर्सा. "तात्या, आईला तितं ठिवू," तो म्हणाला. जयवंताने पडल्या पडल्याच उत्तर दिलं, "मला परक्या बाईच्या हातचा घास नगं. मी हितंच ऱ्हाणार, ह्येंच्यापाशी." शेवटी बापलेकात ठरलं ते असं, की एक हिवाळा आणि एक उन्हाळा बघायचा. निभावलं तर आई बसमध्ये राहील, नाहीतर रविराज गाडी घेऊन येईल आणि मग कुणी काही बोलायचं नाही.

तर त्या दिवसापासून सावळारामला एकच ध्यास लागला. मोबाईलवर बर्फाळ मुलखातल्या गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचा. ती माणसं हौसेने गाडीत राहतात, भिंतीत कसला चंदेरी कागद भरतात, फवारा मारला की फुगणारा फेस भरतात. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण हात काय करताहेत ते ड्रायव्हर माणसाला कळायला किती वेळ लागतो? पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये हवा अडकवून ठेवायची, एवढीच सगळी विद्या. फेस इथे कुठून आणायचा? मग त्याने आपली अक्कल चालवली. द्राक्षवाल्यांकडून थर्माकोलच्या फुटक्या पेट्या आणल्या आणि कापून खिडक्यांत बसवल्या. पोल्ट्रीवाल्याकडून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणले, ते छताला. त्यावर जुना फ्लेक्स ताणला. तो निघाला कुणाच्या तरी लग्नाचा, आणि चित्राची बाजू नेमकी खाली आली. जयवंताच्या डोक्यावर चोवीस तास नवरा-नवरी.

"अवो, ह्यो नवरदेव माज्याकडंच बगतोय," ती म्हणाली.

"बगू दे की. तुला आता हाय कोण बगणारं?"

"तुमी हायसा की मेलं," ती म्हणाली, आणि दोघं हसली. तिला हसताना धाप लागायची, म्हणून तो लगेच गप्प झाला.

राहिल्या भिंती. त्यासाठी इंदापूरच्या भंगारवाल्याकडे तागाची पोती मिळाली, साखरेची, दोन गठ्ठे. जयवंताने ती बघितली आणि म्हणाली, "धुऊन घ्या की. गोडाचं हाय त्ये."

"झटाकतो चांगली."

आता त्याचंही चुकलं असं कसं म्हणावं? डिसेंबर चालू होता. पहाटे पत्र्याला आतून दव सुटायचं आणि थेंब थेंब तिच्या गोधडीवर पडायचं. तिचे पाय दगडासारखे गार पडायचे आणि तिला पत्ता नसायचा. तोच उठून चोळत बसायचा. ओली तागाची पोती त्या हवेत चार दिवस वाळली नसती. त्याने बांधावर धरून एकेक पोतं झटकलं, पत्र्याला लावलं, वरून जुन्या बाकांचं प्लाय ठोकलं. फटीत चिंध्या कोंबल्या. दाराला गोधडी शिवून टांगली. त्या आठवड्यापासून दव पडायचं थांबलं. जानेवारीत ती एकदा म्हणाली, "नाक सुदिक गरम हाय आज." त्या एका वाक्यावर गडी महिनाभर फुशारून फिरत होता.

हिवाळा निघाला. खरा वैरी पुढेच होता.

मार्च सरता सरता बस तापायला लागली. पोत्यांनी भिंती अडवल्या, पण छत ऐकेना. गेणबाने एक वायर ओढून दिली होती खरी, पण शेतीची लाइट. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कूलर घेऊन करतो काय, पूजा? मग सावळारामला सुचलं ते अस्सल आपल्या मातीतलं. गेणबाने उसातून काढून टाकलेल्या ठिबकच्या नळ्या त्याने टपावर आडव्या-उभ्या अंथरल्या, वर गोणपाट पसरलं आणि बाभळीच्या बेचक्यात एक पिंप चढवलं. सकाळी पिंप भरायचं. दिवसभर थेंब थेंब पाणी गोणपाटात मुरायचं, वारा लागायचा आणि टप गार पडायचा. लाइट नको की मोटार नको.

एप्रिलच्या मधल्या एका दुपारी बाहेर एकेचाळीस होतं. सावळारामने पोल्ट्रीतून आणलेला थर्मामीटर जयवंताच्या उशाशी बघितला. एकतीस. त्याने तो पुसून परत बघितला. एकतीसच! जयवंताला डोळा लागला होता, कपाळ गार होतं. या माणसाला काय करू नि काय नको झालं. त्याने दाराची गोधडी नीट ओढली, दार लावलं आणि दोन वावरं ओलांडून गेणबाकडे पळाला.

"आबा, चला. बगा येऊन. एकतीस हाय आत."

गेणबाने आधी चहा पाजला. चहाला नाही कसं म्हणायचं? मग दोघं आले. सावळारामने त्याला लगेच आत नेलं नाही. गारवा जाईल म्हणून दार बंद ठेवलं आणि आधी बाहेरूनच सगळं दाखवलं. पिंप दाखवलं, नळ्या दाखवल्या, पत्र्यावर गेणबाचा हात ठेवून दाखवला. "व्हय की रं," गेणबा म्हणाला, "डोकं हाय गड्या तुला." त्या बसभोवती दोघं दहा मिनिटं तरी फिरले असतील.

आत जयवंता हाका मारत होती. बस इतकी नामी बंद झाली होती, की आतली हाक बाहेर येत नव्हती.

दार उघडलं तेव्हा ती डोळे घट्ट मिटून पडली होती. ओठही मिटलेले. खिडकीखालच्या प्लायच्या फटीतून तांबड्या मुंग्यांची बोटभर रुंद रांग निघाली होती, ती उशीवरून तिच्या मानेवर, कानात, पापण्यांवर. हाताने झटकायला तिच्याकडे हात नव्हते. सावळाराम ओरडला, का रडला, ते गेणबालाही नंतर सांगता आलं नाही. त्याने टॉवेल ओला करून तिचं तोंड पुसलं, पुसतच राहिला. पदर बाजूला केला तर पोटावर, मांड्यांवर नुसत्या गांधी उठलेल्या. तिथलं तिला ठाऊकच नव्हतं.

"हाका मारल्या हुत्या," ती म्हणाली. "मग तोंड उगाडलं की आत शिराय लागल्या. म्हणून मिटून घ्येतलं."

त्याने प्लाय उपसलं. वरचं पाणी रिव्हेटच्या भोकांतून गुपचूप आत झिरपत होतं, आणि पोत्यांच्या विणीत राहिलेल्या साखरेचा पाक झाला होता. हाताला चिकटत होता. हिवाळ्यात तिला ज्याने ऊब दिली आणि उन्हाळ्यात ज्याने गारवा दिला, त्या दोन्ही गोष्टी त्याच्याच हातच्या, आणि दोन्हींनी मिळून हे केलं. त्याने तिथेच खाली बसून स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घेतल्या. गेणबाने हात धरला म्हणून थांबला.

पुढे काय सांगायचं? औषध मारावं तर ती आत, तिला बाहेर काढावं तर ऊन. मुंग्यांचा खडू ओढला, खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. त्या छतावरून उतरू लागल्या. मग त्याने सगळं उचकटलं, पोती, ट्रे, फ्लेक्स, नळ्या, आणि पोती उसाच्या पाण्याच्या चारीत नेऊन दगडावर आपटून आपटून धुतली. ती वाळेपर्यंत बस उघड्या पत्र्याची झाली. ओली चादर तिच्या अंगावर टाकली की वाफ व्हायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायला लागली. ताप एकशे चार होता.

बारामतीच्या दवाखान्यात पाच दिवस गेले. रविराज आला. त्याने भांडावं, बापाला चार शब्द सुनवावेत, असं सावळारामला फार वाटत होतं. पण पोरगा शहाणा निघाला, एक शब्द बोलला नाही. सावळारामच बोलत सुटला, "पोती धुतल्यात रवी. कडक वाळल्यात. टपाला डांबर मारतो, एक थेंब आत यायचा न्हाय. दोन दिस दे मला. दोनच दिस."

खाटेवरून जयवंता म्हणाली, "रवी, गाडी बोलाव."

सावळाराम तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, सगळं जग फिरलं तरी ही फिरणार नाही.

"तसं न्हवं," ती म्हणाली. "त्या दिशी लई गार हुतं बगा. येवडी ग्वाड झोप मला पडल्यापास्नं लागली न्हवती. पर तुमी अजून किती करायचं?"

आता तो दर रविवारी त्या संस्थेत जातो. पहाटेची एसटी, मग पुढे दुसरी बस. भेटायला एक तास मिळतो, चार ते पाच. हॉल स्वच्छ आहे, खोटं कशाला बोला. वीस खाटा, फरशी चकचकीत, औषध वेळेवर. पहिल्या रविवारी त्याने तिचा हात हातात घेतला आणि दचकलाच. माठातल्या पाण्यासारखा गार. ओठ निळसर, आणि दातावर दात वाजताहेत. एसी डोक्यावरच होता.

त्याने नर्सला सांगितलं. नर्स बिचारी चांगली होती. म्हणाली, "काका, त्या कडेचा पेशंट भाजलेला आहे, त्याला गरम चालत नाही. मशीन सगळ्यांना एकच. आजींना जास्तीची चादर दिलीये की."

चादर होती, पातळ, पांढरी. जयवंताच्या अंगात ऊब कशी साठवायची, कुठली फट बुजवायची, हे त्या हॉलमध्ये एकट्या सावळारामला कळत होतं आणि त्याच्या हातात काही नव्हतं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, तिच्या कानांवरून घेऊन मानेभोवती गुंडाळला, आणि दोन्ही तळहात तिच्या गालांवर धरून बसला. हळूहळू दात वाजायचे थांबले. असा तास गेला.

पाचला घंटा झाली. टॉवेल राहू दे का, त्याने विचारलं. बाहेरचं कापड आत ठेवता येत नाही, नर्स म्हणाली, इन्फेक्शन होतं.

"काडा," जयवंता म्हणाली. "येष्टी चुकंल तुमची."

त्याने टॉवेल सोडवला. तो चांगला गरम झाला होता.