धुण्याचा दगड

पुण्याच्या कॉलेजात मी इतिहास घेतला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत माढ्याला घरी न जाता सोलापुरात मामांकडे राहिलो, कारण आमचे इतिहासाचे प्राध्यापक सोलापूरचेच. गावातल्या वाचनालयाच्या माडीवर त्यांनी दोन खोल्यांत जुन्या वस्तूंचा संग्रह मांडला होता. सुट्टीत आम्हा तिघा विद्यार्थ्यांना ते रोज सकाळी तिथं बोलवत.

एकदा किल्ल्यामागच्या गल्लीतून येताना मला एका दारापुढं धुण्याचा दगड दिसला. साबणाच्या फेसाखाली अक्षरं होती. मी धावतच माडी चढलो आणि म्हणालो, "सर, हातगाडी आणून आजच उचलू या."

"दगड कुणाच्या दारात आहे?" सरांनी विचारलं.

"गिरणीत कामाला जाणारी एक म्हातारी आहे."

"मग आधी तिला विचार."

मी गेलो. बाई पातळं आपटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मी न्हाय द्यायची. माझ्या सासूनं बी ह्येच्यावरच धुनी धुतली. तुमी दगड न्ह्याल, मी धुनं कुटं धू?"

मी इतिहास, राष्ट्र, पुढची पिढी असं बरंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काय लिवलंय त्येच्यावर?"

मला सांगता येईना. लिपी जुनी कानडी, ती मला वाचता येत नव्हती. ज्यातलं एक अक्षर कळत नाही, ती वस्तू मी हक्कानं मागायला आलो होतो. मान खाली घालून परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. उकिडवे बसले, ओल्या फडक्यानं दगड पुसला आणि बोट फिरवत हळूहळू वाचू लागले. निम्मी अक्षरं झिजली होती. उरलेल्यांचा अर्थ त्यांनी बाईंना सांगितला. कुणा एका बाईनं, नवरा गेल्यावर, वाटसरूंना पाणी मिळावं म्हणून आपली विहीर आणि मळा देऊन टाकला होता.

"तिचं नाव काय?"

"नावाची जागाच झिजली आहे, बाई."

बाई म्हणाल्या, "आमीच झिजवलं म्हनायचं."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," सर म्हणाले.

दोन दिवसांनी बाईंनी होकार दिला, पण बदल्यात दुसरा दगड मागितला. आम्ही तिघांनी खाणीवरून एक सपाट फरशी हातगाडीवर घालून आणली. ती बसवताना बाईंनी दोनदा उचलायला लावली. पाणी दाराकडं येत होतं. जुना दगड जिन्यानं माडीवर चढवताना माझ्या बोटाचं नख गेलं.

पुढच्या रविवारी बाई शेजारणीला घेऊन वाचनालयात आल्या. शिपायानं त्यांना जिन्याशीच अडवलं. "वाचता येतं का? वर शिकल्याली मान्सं बसत्यात."

मी खाली गेलो आणि म्हणालो, "मावशी, चला." शिपाई बाजूला झाला, पण माझ्याकडं बघत राहिला.

वर आल्यावर दगड पाहून बाईंनी त्यावरून हात फिरवला. भिंतीवरच्या चिठ्ठीकडं बोट करून म्हणाल्या, "ह्ये काय?"

मी वाचून दाखवलं, "शिलालेख. काळा पाषाण. जुनी कानडी लिपी."

"ह्येच्यात त्या बाईचं कायच न्हाय की."

ती चिठ्ठी मीच लिहिली होती, आणि ती लिहून मला बरंच समाधानही वाटलं होतं. आता ती त्यांच्यासमोरच काढली. दुसऱ्या कागदावर विहीर, मळा, वाटसरू, सगळं साध्या मराठीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

"आता बरं हाय," बाई म्हणाल्या आणि शेजारणीला पुढच्या मूर्तीकडं घेऊन गेल्या.

सरांनी नवी चिठ्ठी वाचली. मग कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. दोन्ही खोल्यांतल्या चिठ्ठ्या मी पुन्हा लिहायला घेतल्या. निम्म्याही झाल्या नव्हत्या, तेवढ्यात कॉलेज उघडलं.