वैशाखात बसवलेली कोंबडी

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्या करमाळ्याकडे तशीच पद्धत आहे, नात्यात लग्न झालेलं नसलं तरी. होळी होऊन आठवडा झाला असेल, आत्या मोरीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आमचं घर शहाडला, बैठ्या चाळीतलं शेवटचं. संडास चार घरं सोडून आणि तोही उकिडवं बसायचा. म्हणून ननंदेने त्यांना वर्तकनगरला आपल्याकडे नेलं. तिथे लिफ्ट आहे, कमोड आहे. गाडीत बसताना त्या मला निदान एकदा 'नीट राहा' म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी सांगितलं, काळीला तांदळाची कणीच घाल, तिला ज्वारी पचत नाही.

काळी म्हणजे कोंबडी. अशा सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. शेवटचं घर म्हणून आम्हाला बाजूला जमिनीची एक पट्टी मिळालेली आहे, दोन खाटा कशाबशा मावतील एवढ्या रुंदीची. त्यात आत्यांचा शेवगा, कढीपत्ता, अळू, मिरच्या, मोगरा, दोडक्याचा मांडव आणि टोकाला पत्र्याचं खुराडं. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण कपडे वाळत घालण्यापलीकडे मी त्या पट्टीत कधी पाय ठेवला नव्हता. त्यांनी ठेवू दिला नव्हता म्हणा. माझ्या हाताने झाड लागत नाही, असं त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

आता ते सगळं माझ्या गळ्यात आलं, आणि तेही उन्हाळ्यात. नळाला पाणी पहाटे पाचला, पाऊण तास. आठवड्यातून एक दिवस तेही नाही. पिंपं भरायची, मग खुराडं झाडायचं, कोंबड्यांना कणी आणि पाणी ठेवायचं, तांदूळ धुतलेलं पाणी मिरच्यांना, भांडी विसळलेलं अळूला. नऊ वाजता शिलाई मशीनवर बसायचं, कारण लग्नसराईचे ब्लाउज कोणाच्या सासूसाठी थांबत नाहीत. नवरा अंबरनाथला कंपनीत. पाळीवरून आला की त्याच्या अंगात कोंबडीइतकंही त्राण नसे. दुपारी पत्रा असा तापायचा की मशीनचं चाक हाताला चटके द्यायचं. कोंबड्या शेवग्याखाली चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून उभ्या राहायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी काय करणार होते? दर तासाला उठून त्यांचं भांडं सावलीत सरकवायचं आणि पाणी बदलायचं, एवढंच. एप्रिलच्या मध्यापर्यंत माझ्या नाकी नऊ आले. सगळ्यांना पुरेल एवढं पाणी नव्हतं, तेव्हा मोगरा मी सोडून दिला. मग दोडका सोडला. वाळलेला वेल मांडवावर तसाच लोंबत राहिला, तो काढण्याचंही जिवावर आलं.

रोज अकराला ननंदेचा फोन यायचा. फोनमध्ये चेहरा आत्यांचा, पण त्यांना माझा चेहरा नको असायचा. 'फोन खाली धर,' म्हणायच्या. मग मी उन्हात वाकून एकेक कोंबडी दाखवायची.

एक दिवस आत्या झोपल्यावर ननंदेने मला वेगळा फोन केला. तिला बोलता बोलता रडू आलं. चालण्याचा व्यायाम करून घ्यायला एक बाई येत होत्या, पण आत्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मला काय कुठे जायचंय, म्हणायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता या दोन महिन्यांत उठल्या तर उठल्या, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळतील. माझं आणि आत्यांचं कधी फारसं जमलं नाही. पण आत्यांसारखी बाई पडून राहील हे मला बघवलं नसतं.

त्याच सुमाराला काळी खुडूक झाली. अंडं घालायची थांबली, खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहिली, जवळ गेलं की पिसं फुगवून चोच मारायला यायची. फोनवर ते बघताच आत्या उठून बसल्या. किती दिवसांनी त्यांची पाठ भिंतीपासून सुटली होती. त्यांनी हुकूम सोडला, तिला अंडी घालून बसव. शेजारी एक आगरी मावशी राहतात, त्यांची हयात इथेच गेली. त्या म्हणाल्या, "या उन्हान कोंबरी कोन बसवतं गो?" मलाही ते पटत होतं. पण ननंद म्हणाली, वहिनी, आई हॉलपर्यंत चालत आली तरच काळी दाखवायची, असं ठरवूया का? मग मी डालग्यात राख घातली, वर पेंढा अंथरला, नऊ अंडी ठेवली आणि काळीला त्यावर बसवलं.

आणि आत्या चालायला लागल्या. पहिल्या दिवशी पलंगापासून कपाटापर्यंत. मग दारापर्यंत. वॉकर आपटत, शिव्या देत हॉलपर्यंत. हॉलच्या खुर्चीत बसल्या की ननंद फोन लावायची आणि मी खुराड्याचं दार उघडायची. काळी डोळे अर्धे मिटून बसलेली असायची. दिवसातून एकदा, सकाळी, दाणापाण्याला उठायची तेवढीच. एकवीस दिवसांनी पिल्लं निघणार होती. आत्या बोटांवर दिवस मोजायच्या आणि म्हणायच्या, पिल्लं निघाली की मी येणार.

एकोणिसाव्या दिवशी सकाळपासूनच अंगाची लाही होत होती. वारा अजिबात नाही. दहालाच लाइट गेली. मी आत्यांना सांगितलं, आज फार गरम आहे, काळी धापा टाकतेय. त्या म्हणाल्या, गोणपाट भिजवून खुराड्याला टाक. एवढंच. मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. माझी आईसुद्धा गावाला माठाला, खिडकीला, गोठ्याला ओलं गोणपाट लावायची आणि आत डोंगरावरच्यासारखं गार व्हायचं. मी चार गोणपाटं भिजवली आणि खुराड्याच्या चारी बाजूंनी नीट, दगड ठेवून, एक फट न ठेवता लावली. केलेल्या कामाचं समाधान वाटलं. मग घरात येऊन ओल्या लादीवर पदर टाकून आडवी झाले. जरा पाठ टेकावी एवढंच मनात होतं. गेले कित्येक दिवस दुपारी डोळा लागला नव्हता, तो त्या दिवशी लागला.

उठले तेव्हा चार वाजून गेले होते. बाकीच्या कोंबड्या शेवग्याखाली होत्या. मी गोणपाट बाजूला केलं आणि इडलीपात्राचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. काळी अंड्यांवरच होती. मान पुढे टाकलेली, पंख नऊच्या नऊ अंड्यांवर पसरलेले. उठून बाहेर यायचं तिने केलंच नव्हतं.

मावशी आल्या, त्यांनी गोणपाटाकडे बघितलं आणि माझ्यावर ओरडल्या नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, तुमच्या घाटावर हवा कोरडी, तिथे हे चालतं. इथे हवेतच पाणी आहे. मागच्या नदीकडून वारा येतो ती बाजू उघडी ठेवायची, नाहीतर आत वाफ कोंडते. आत्या दर उन्हाळ्यात एकाच बाजूला गोणपाट टाकायच्या, असंही मावशी म्हणाल्या. बावीस वर्षं मी त्याच घरात राहिले आणि माझं कधी तिकडे लक्ष गेलं नाही. आत्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नव्हतं. मी विचारलं नाही, कारण मी वैतागले होते. अंडी मी जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली. तीन दिवस थांबले, पाच दिवस थांबले. काही झालं नाही.

पण काळी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी अकराला फोन आला, तेव्हा मी काय सांगणार होते? आत्या हॉलच्या अलीकडे, वॉकर धरून उभ्या होत्या. ननंद म्हणाली, चार पावलं राहिलीत, आई म्हणते आज आधी काळी दाखव. मी आदल्याच संध्याकाळी मनाशी ठरवलं होतं. मावशींच्या घरून एक काळी कोंबडी आणली होती. ती खुडूक नव्हती, डालग्यात बसेना, म्हणून मी तिला एका हाताने दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन धरला. ऊन थेट डोक्यावर होतं. बघा आत्या, म्हटलं, कशी ठणठणीत बसलीय. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता.

आत्यांनी बराच वेळ बघितलं. मग वॉकर उचलला आणि चार पावलं चालून खुर्चीत जाऊन बसल्या. पुढच्या दिवसापासून पिल्लांचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. व्यायाम मात्र कधी चुकवला नाही, असं ननंद सांगायची.

मे संपता संपता त्या घरी आल्या. कमोडची खुर्ची आणली होती, मोरीत पकडायला दांडा बसवून घेतला होता. रिक्षातून उतरून घरात न शिरता त्या वॉकर टेकत थेट पट्टीत गेल्या. वाळलेला मांडव बघितला, मोगऱ्याच्या काटक्या बघितल्या. मी खुर्ची आणून दिली आणि बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले.

"कुठं पुरलीस?" त्यांनी विचारलं.

मी कढीपत्त्याकडे बोट दाखवलं. कसं कळलं, हे विचारायला मला तोंड नव्हतं, पण त्यांनी आपणहून सांगितलं. काळीचे पाय काळे होते, फोनमधल्या कोंबडीचे पिवळे. त्याच क्षणी कळलं होतं.

"मग बोलला का नाहीत, आत्या?"

"काय बोलायचं? उन्हात हुबी हुतीस. घामानं सगळी भिजलेली. दुसऱ्याची कोंबडी दाबून धरून मला म्हनतीस, बघा कशी बसलीया." त्यांनी कढीपत्त्याकडे बघितलं. "त्या दिवशी मी कोंबडीसाठी न्हाई चालले. म्हटलं, ही एवढं करतीया, आपन चार पावलं टाकावी."

मला वाटलं होतं मी त्यांना फसवलं, आणि त्याचं ओझं घेऊन मी तीन आठवडे वावरले होते. मी त्यांच्या खुर्चीशेजारी मातीतच बसले. रडू आलं, ते लवकर आवरेना.

"आत्या, मी फार दमलेय," मी म्हटलं. बावीस वर्षांत हे मी त्यांना पहिल्यांदा सांगत होते.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "पानी मी बघते कोंबड्यांचं."

त्यांना अजून वाकता येत नव्हतं. तरी त्यांनी वॉकर पुढे ओढला आणि उठायला लागल्या.