बारशाला नेलेला खोकला

भावाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. एकुलती आत्या म्हणून तिच्या कानात नाव सांगायचा मान माझा. 'कुर्रर्र' म्हणताना बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. नऊ वर्षांत माझी पाठ त्यासाठी चांगली ऐसपैस झाली होती.

बारशाच्या दिवशी एसटीतून तळा गावात उतरले तेव्हा घसा खवखवत होता. तसा तो आदल्या दिवसापासूनच धरला होता. ऑफिसात शेजारची बाई आठवडाभर खोकत होती. पण मी म्हटलं, धूळ असेल. गालात लवंग धरली आणि माहेरी पोचले.

मुलगी आठव्या महिन्यात झालेली, पंधरा दिवस काचेच्या पेटीत काढून घरी आलेली. सर्दीवाल्याला जवळ फिरकू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आईने तिला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. आत सात-आठ बायका.

"बाय, दार लोट आधी," आई म्हणाली.

अर्धा तास मी त्या खोलीत मनसोक्त बोलले, हसले. मग लक्ष गेलं, शेगडी केव्हाच विझली होती, पण ओव्याच्या धुरीचा धूर अजून तसाच तरंगत होता. त्याला जायला वाटच नव्हती. माझा श्वासही इथेच तरंगत असणार, फक्त दिसत नव्हता. तेवढ्यात खोकला आला.

वहिनीने पाहिलं. "ताई, बरं नाही का?"

"लवंग आहे तोंडात."

"ते नाही विचारलं मी."

"घसा धरलाय. कालपासून."

ती मुलीला घेऊन तडक पडवीत गेली.

"अगं, वारा!" आई ओरडली.

"वाऱ्याने काही होत नाही, आई," मी म्हटलं. "खोकल्यातून हवेत आलंय ते बाहेर जाऊ दे."

मी चिंध्या उपसल्या, खिडकी सताड उघडली आणि पर्सच्या तळातला मास्क झटकून, लावून अंगणात जाऊन बसले. नाव वहिनीनेच सांगितलं. धपाटे मला आईने अंगणात येऊन घातले, एकटीने, आणि ते विधीपुरते नव्हते.

माझ्या घरी परतल्यावर रोज सकाळी वहिनीला फोन.

"नाक?"

"कोरडं आहे."

"दूध पितेय?"

"पितेय."

"श्वास?"

"थांबा, बघून सांगते." ती सांगेपर्यंत मी माझाच श्वास धरून उभी.

चौथ्या दिवशी वहिनी म्हणाली, "आईंना ताप आलाय. खोकलाही आहे. ओटीवर झोपतात, मास्क लावून. पोरीच्या खोलीत येत नाहीत."

मग आई फोनवर आली, आवाज घोगरा. "तुझीच देणगी ही. कालपासून पोरीला हात न्हाय लावला मी. अजून किती दिवस?"

मला नक्की ठाऊक नव्हतं. "खोकला पार थांबेपर्यंत. आणि वर दोन दिवस."

"व्हय," ती म्हणाली. "दारातून दिसते मला. झोपलीय."