काकांचं इंग्लंडमधलं घर

कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या घरावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका जीव लावलेला माणूस साऱ्या आखातात शोधून सापडला नसता. घर इंग्लंडमधलं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, त्यांच्या साहेबाचं वडिलोपार्जित. काका मूळचे चिपळूणचे, बहारीनमध्ये ड्राफ्ट्समन, तिथल्या माहूज भागात दोन खोल्यांत राहणारे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साहेबाने त्या घराच्या दुरुस्तीचे नकाशे इथल्याच ऑफिसात काढायचं ठरवलं आणि काका मनाने तिकडे राहायला गेले. आमच्याकडे चहाला आले की सांगायचे, धुराडी अकरा, पण दोन नुसती शोभेची, डावी-उजवी बाजू सारखी दिसावी म्हणून. घड्याळाचा मनोरा मागाहून चढवलेला, कारण शेजाऱ्याने आधी बांधला होता. "शेजारी तिकडेही असलेच!" म्हणत माझ्याकडे बघायचे आणि माझ्याच बशीतलं बिस्किट उचलायचे.

ते घर तिकडच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत होतं, परवानगीशिवाय खुंटीही हलवायची नाही. हा नियम काकांना इतका पटला की त्यांनी तो माहूजच्या भाड्याच्या फ्लॅटलाही लावला. काकूंना कॅलेंडरसाठी खिळा हवा होता.

"मूळ भिंत आहे. कारण लेखी दे."

"मूळ कसली? आपण राहायला आलो तेव्हा रंग ओला होता!"

कॅलेंडर वर्षभर फ्रिजवर आडवं पडून होतं.

मग एकदा आतल्या खोल्यांची मापं बाहेरच्या मापाला मिळेनात. दिवाणखाना आणि कोठीची खोली यांच्यामध्ये साडेतीन फूट कमी पडत होते. काका म्हणाले, तिथे बुजवलेला जिना आहे. साहेब म्हणाला, मी त्या घरात जन्मलो, तिथे जिना नाही, बेरीज सुधारा. काका सुधारेनात. व्हिसा साहेबाच्या हातात, काँट्रॅक्टचे दोन महिने उरलेले. काकू घाबऱ्याघुबऱ्या खाली आल्या. "तुम्ही तरी सांगा हो. साडेतीन फुटांपायी चंबूगबाळं आवरून चिपळूण गाठावं लागेल!"

मी वर जाऊन माझ्यापरीने समजावलं. काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "भिंत त्याची आहे रे, पण बेरीज माझी आहे."

सुट्टीवर इंग्लंडला गेलेल्या साहेबाने निव्वळ काकांना खोटं पाडायला, अर्थात रीतसर परवानगी काढून, ती भिंत फोडून घेतली. आत जिना निघाला. नोकरांचा, अरुंद. पाहुण्यांच्या नजरेला नोकर पडू नयेत म्हणून बांधलेला. साहेब फोटो घेऊन आला, काँट्रॅक्ट वाढवलं, आणि काकूंनी शिरा करून मला हाक मारली.

आता विजयाचं भाषण ऐकावं लागणार म्हणून मी तयारीनेच गेलो. काका फोटो डोळ्यांजवळ धरून बसले होते.

"पायऱ्या मधोमध झिजल्यात बघ," ते म्हणाले. "कठड्याच्या बाजूची कड मात्र जशीच्या तशी आहे. म्हणजे कठडा धरून कोणी चढलंच नाही. दोन्ही हातांत ओझं असायचं."

एवढं बोलून त्यांनी फोटो काकूंकडे दिला. त्या दिवशी माझ्या बशीतल्या शिऱ्याला त्यांनी हातही लावला नाही.