चुरीकाकांचा उजवा कान

वालीवला अल्पेश शेठच्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या बादल्या तयार होतात, आणि त्या मशिनांच्या मोटरी प्रल्हाद चुरींच्या उजव्या कानाच्या भरवशावर चालतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवायचं, मूठ कानापाशी हाडावर दाबायची, डोळे मिटायचे. मग निकाल. "बेअरिंग चांगलं आहे," किंवा "गेलं, उघडा." चौतीस वर्षांत हा निकाल कुणी फिरवला नव्हता. निवृत्तीनंतरही शेठनी त्यांना आठवड्यातून तीन दिवस ठेवून घेतलं, ते या कानासाठी. बाकीच्या चुरीकाकांचं कारखान्यात तसं काही काम उरलं नव्हतं.

गास गावातल्या घरी मात्र या कानाला तेवढा मान नव्हता. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी काका बाजाराला निघाले, तेव्हा मनोरमाबाईंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "अहो, येताना साबुदाणा आणा." काका दोन साबण घेऊन आले. एक चंदनाचा, एक कडुनिंबाचा.

"उद्या उपासाला खिचडी कशाची करू?" बाईंनी विचारलं. "चंदनाची, की कडुनिंबाची?"

"तू हल्ली पुटपुटतेस. स्पष्ट बोलत जा."

पुढच्या दिवसांत दाराची बेलही पुटपुटू लागली. टीव्हीवरच्या बातम्या पुटपुटू लागल्या, बसचा कंडक्टरसुद्धा. एवढं सगळं जग आवाज खाली करून बसलं, तरी कानाची शंका काकांच्या मनाला शिवली नाही. कारण स्क्रूड्रायव्हर कधी नव्हे इतका खणखणीत वाजत होता. "कान बिघडला असता, तर हे ऐकू आलं असतं का?" ते म्हणत. "उलट आता बेअरिंगची गोळी न् गोळी मोजून घे."

मोजली, आणि दोन मोटरी उघडायला लावल्या. दोन्हींची बेअरिंगं नव्यासारखी निघाली. फिटर लोक तोंड फिरवून हसले. तरी काकांनी तिसरी, मोठ्या मशिनची मोटर ऐकली आणि म्हणाले, "ही तर नक्की गेली. गुरगुरतेय."

"काका, मोठं मशीन एक दिवस बंद ठेवायचं म्हणजे मजाक नाय," अल्पेश शेठ म्हणाले. "शुक्रवारी उघडू. पण ही पण चांगली निघाली ना, तर मी तपासायचं यंत्रच घेतो. मग तुम्ही घरी आराम करा."

'आराम करा' हे दोन शब्द मात्र काकांना अगदी स्वच्छ ऐकू आले.

रविवारी डोक्यावरून अंघोळ केली आणि उजवा कान बूच मारल्यासारखा बंद झाला. काकांनी आधी आगपेटीची काडी फिरवली, मग स्कूटरची किल्ली.

"चालू झाला की सांगा," मनोरमाबाई म्हणाल्या. "मी मागे बसते."

"कोमट तेल घाल ना दोन थेंब."

"तेल माझ्या केसांसाठी आहे. कानासाठी डॉक्टर आहे."

सोमवारी बाईंनी त्यांना वसईला डॉक्टर हेमालींकडे नेलंच.

"कानात काय काय घातलंत, काका?"

"काही नाही."

"काडी, किल्ली, आणि एकदा माझी केसांची पिन," मनोरमाबाईंनी यादी दिली.

डॉक्टरांनी उजेड पाडून आत पाहिलं. "मळ ढकलून ढकलून पार पडद्याजवळ नेलाय. कान कधी वाहिला होता? पडद्याला भोक वगैरे? मधुमेह?"

मधुमेह होता.

"मग तर घरी हातच लावायचा नाही. बारीक जखम झाली तरी चिघळते. मळ बहुतेक वेळा आपला आपण बाहेर येतो, रोज कोरायचा नसतो. दडा बसला, ऐकू कमी आलं, चक्कर आली, तर दाखवायचं. दुखायला लागलं, पू आला, किंवा एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी यायचं."

"ऐकणं माझं ठणठणीत आहे," म्हणून काकांनी स्क्रूड्रायव्हरची हकिगत सांगितली. डॉक्टर हसल्या. त्यांनी चिमट्यासारखा स्टीलचा एक छोटा नादकाटा तळहातावर आपटला आणि तो झणझणत असतानाच काकांच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठल्या कानात वाजतंय?"

"उजव्या!" काका विजयाने म्हणाले.

"मग बंद आहे तो उजवाच. कानात बोट घाला आणि गुणगुणा बघू."

काका गुणगुणले. मनोरमाबाईंनीही स्वतःच्या कानात बोट घातलं. दोघं नवराबायको दवाखान्यात भुंग्यांसारखी बसली.

"बोट घातलेल्या बाजूला मोठं वाटतं ना? बाहेरचा रस्ता अडला की हाडातून येणारा आवाज असा घुमतो. चांगली मोटरही गुरगुरते."

काकांचं बोट कानातच राहिलं. "म्हणजे तिसरी मोटरसुद्धा..."

मळाचा दगड झाला होता. तीन दिवस थेंब घालून तो नरम केला, आणि गुरुवारी डॉक्टरांनी बारीक नळीने ओढून काढला. काळ्या वाटाण्याएवढा ऐवज. त्याच क्षणी पंखा करकरला, रस्त्यावर रिक्षा खोकली, आणि उजव्या बाजूने आवाज आला, "एवढ्याशा गोळीसाठी मी घसा फोडून घेतला."

"हे आत्ता तू पुटपुटलीस ना?"

"अगोबाई! आता जपून बोलायला हवं."

शुक्रवारी फिटर पाने घेऊन मशिनभोवती उभे होते. "थांबा," काका म्हणाले. स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. गुरगुर नव्हती. एकसारखी, शहाणी गुणगुण होती. डोळे उघडायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

"उघडू नका. मोटर चांगली आहे. माझा कान बंद होता."

कुणी हसलं नाही, आणि तेच काकांना जड गेलं.

"कधीपासून बंद होता?" अल्पेश शेठनी विचारलं. "दिवाळीपासून तुम्ही वीस मोटरी पास केल्यात. त्या पण सगळ्या परत बघायच्या काय?"

काकांनी मनात दिवस मागे मोजले. मग त्यांना चंदनाचा वास आठवला. "नाही. एकादशीच्या आदल्या दिवसापासून."

"एवढं पक्कं कसं?"

साबुदाण्याची गोष्ट सांगावीच लागली. आता मात्र फिटर इतके हसले, की एकाच्या हातातला पाना पडला. शेठ डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे साबणाच्या आधीचं सगळं पास. यंत्र मी घेणार हां, काका. पण ते तुमच्यानंतर बोलणार."

भिंतीवर प्रत्येक मशिनच्या ग्रीसिंगच्या तारखांचा तक्ता होता. शेठनी पेन काढलं आणि अगदी खाली लिहिलं: 'चुरीकाका, उजवा कान. वर्षातून एकदा डॉक्टर.'

काकांनी ते चष्मा लावून वाचलं.

"डावाही लिहा, शेठ," ते म्हणाले. "घरी दोन्ही लागतात."